अकरा आयांची तक्रार

डेल्फीन आर्सनो बाविसाव्या वर्षी आई झाली आणि त्याच वर्षी तिने एका माणसावर कायमचा दात धरला.

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांताच्या किनाऱ्यावरच्या एका गावात ती लॉब्स्टरच्या कारखान्यात कवचं फोडायची. हात चिरायचे, पण त्याचं तिने कधी कुणाला सांगितलं नाही. तिचा मुलगा रोझेर जन्मला तेव्हा मात्र ती रडकुंडीला आली. पोर तासतासभर छातीशी लागलेलं असायचं. चुटचुट आवाज करत ओढायचं, निसटायचं, पुन्हा ओढायचं आणि उपाशीच राहायचं. तिच्या स्तनाग्रांना भेगा पडून रक्त येत होतं. पोराचं वजन वाढायचं सोडून घटत चाललं होतं.

गावात दवाखाना एक आणि डॉक्टरही एकच, लूजे रोबिशो. त्यांनी पोराचे कान बघितले, पोट दाबून बघितलं. तोंड काही उघडून बघितलं नाही.

"तुझं दूध म्हणजे नुसतं पाणी आहे, पोरी," ते म्हणाले. "आणि तू भलताच बाऊ करतेस. बाटली दे आणि गप झोप."

ती आणखी दोनदा गेली. तिसऱ्या खेपेला त्यांनी मान वर न करता फाइलीत काहीतरी लिहिलं. आठवड्याने बालकल्याण खात्याची बाई दारात उभी राहिली. आई पोराला उपाशी ठेवते, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. तिची सरकारी गाडी सगळ्या आळीने पाहिली. आमच्या घरात आजवर कुठल्या बाईचं दूध कमी पडलं नाही, हे सासूने अंगणात उभं राहून चार जणींच्या कानावर घातलं.

शेवटी शेजारची एक्झेल्डा मावशी आली. तिला स्वतःची नऊ मुलं. तिने हात धुतले, करंगळी पोराच्या तोंडात घातली आणि जीभ उचलून पाहिली. जिभेखालचा पातळ पडदा थेट टोकापर्यंत आला होता.

"याची जीभ बांधलेली आहे गं," मावशी म्हणाली. "हा ओढणार तरी कशाने?"

मॉन्क्टन शहरातल्या इस्पितळात तो पडदा कापायला मिनिटभर पुरलं. पोराने लगेच नीट तोंड लावलं, पण तोवर डेल्फीनचं दूध आटत आलं होतं. रोझेर बाटलीवरच वाढला. तो धडधाकट झाला, शाळेत जाऊ लागला. डेल्फीनचा राग मात्र कमी झाला नाही.

ती शिकली, नर्स झाली आणि रोझेर बारा वर्षांचा असताना त्याच दवाखान्यात अंगावर पाजणाऱ्या आयांना मदत करायच्या कामावर रुजू झाली. गावाला वाटलं, झालं गेलं ती विसरली. ती रोज सकाळी डॉक्टरांशी हसून बोलायचीसुद्धा. पहिल्याच महिन्यात तिने रीतसर अर्ज करून स्वतःची जुनी फाइल मागवली. तीत लिहिलं होतं, 'आई आळशी आणि नाटकी. दूध अपुरं.'

मग ती वाट बघत बसली. भेगा पडलेल्या, रडवेल्या बायका येत होत्या. ती पोरांची तोंडं तपासायची, गरज दिसली की मॉन्क्टनला पाठवायची. मग त्या बाईला शांतपणे सांगायची की स्वतःची फाइल मागवायचा तुला हक्क आहे. फाइलींत तेच ते शब्द निघत. पाच वर्षांत तिच्यासकट बारा जणी झाल्या.

बारावी मिरेय. तिच्या मुलीच्या तोंडात डेल्फीनला पडदा दिसला. तोवर तिला तो जिकडेतिकडे दिसायला लागला होता. मॉन्क्टनच्या सर्जनने पोरगी तशीच परत पाठवली. जीभ छान उचलली जाते, कापायचं काही कारण नाही, फक्त बाळाला धरायची पद्धत चुकते आहे. डेल्फीनने फाइल पाहिली. त्या एका खेपेला रोबिशोंनी तोंडात बघितलं होतं आणि नेमकं हेच लिहिलं होतं.

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मिरेयच्या घरी जाऊन तिने तिला मागे रेलून पाजायला शिकवलं. पोरगी घटाघट प्यायली. मिरेय तरीही डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारीवर सही करायला तयार होती. डेल्फीनने तिचा कागद परत दिला.

"एक खोटा निघाला तर तो माणूस अकराही खोटे ठरवेल," ती म्हणाली. "त्याला निसटायला मी फट ठेवणार नाही."

अकरा तक्रारी प्रांताच्या वैद्यक मंडळापुढे गेल्या. निकाल लागला: लेखी ताकीद, यापुढे तान्ह्या बाळांना एकट्याने तपासायला बंदी आणि प्रत्येक आईला माफीचं पत्र. रोबिशोंच्या चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल चर्चच्या हॉलमध्ये जेवण ठरलं होतं, त्याच्या आदल्या आठवड्यातच हे गावभर झालं. जेवण झालं, पण निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

सोमवारी ते तिच्या खोलीत आले. "आता समाधान झालं तुझं? माझं पत्र मिळालं ना?"

डेल्फीनने आपल्या जुन्या फाइलीतलं ते पान पुढे ठेवलं. "हे मोठ्याने वाचा."

त्यांनी वाचलं. 'नाटकी' हा शब्दसुद्धा.

"आता खाली लिहा, मी तोंडात पाहिलं नव्हतं."

त्यांनी लिहिलं, सही केली आणि दाराशी थांबून विचारलं, "म्हणजे आता मिटलं?"

"नाही," डेल्फीन म्हणाली आणि तिने पुढच्या बाईला आत बोलावलं.