खडूने आखलेलं बिऱ्हाड

ओसाकाच्या इकुनो भागात शाळा सुटल्यावर कोरियन मुलांचा वेगळा वर्ग भरे. तो बू म्योंग-ओक बाई घेत. इतिहास त्या पुस्तकातून सांगतच नसत. फरशीवर खडूने एक खोली आखायच्या आणि आठ पोरांना आत बसवायच्या. पूर्वी कोरियातल्या जेजू बेटावरून आलेलं बिऱ्हाड एवढ्याशा खोलीत असंच राहायचं, शिवाय दोन पोटभाडेकरू. त्यातच चपला शिवायच्या, जेवायचं, झोपायचं. पोरं खिदळत एकमेकांच्या पायांवर पाय देत.

एकदा वर्गातल्या रिएचे वडील कानेमोतो तणतणत आले. आपण घेतलेलं जपानी नाव, आपलं दुकान, सगळं नीट चाललेलं असताना पोरीला जुनं दारिद्र्य कशाला दाखवता, असं म्हणून त्यांनी वर्गातून तिचं नावच काढून टाकलं. बाईंनी वाद घातला नाही. संध्याकाळी त्या सरळ त्यांच्या घरी गेल्या आणि थेट रिएच्या आजीपाशी, ग्ये-सुनपाशी, जाऊन बसल्या. वर्गात काय शिकवते ते त्यांनी सांगितलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला याची लाज वाटते का?"

आजी मुळ्याचं किमची, म्हणजे कोरियन लोणचं, कालवत होती. हात न थांबवता, शेजारी उभ्या मुलाकडे मान उडवत म्हणाली, "लाज याला वाटते. राबले मी."



पुढच्या बुधवारी आजी नातीचा हात धरून वर्गात आली आणि खडूच्या खोलीत खुशाल आडवी झाली. "इथं पडदा होता," ती कोपरा दाखवत म्हणाली. "याच्यामागं रिएचा बाप जन्मला. भाडेकरूंना बाहेर काढलं, तर ते गल्लीत उभे राहून मोठमोठ्यानं गायला लागले, माझं ओरडणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. इतके बेसूर, की कळा सोडून मला हसूच फुटलं."

पोरं पोट धरून हसली. आजीला घ्यायला आलेले कानेमोतो दारात उभे होते. आपल्या जन्माची ही गोष्ट ते आज पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी बूट काढले, आत आले आणि आईला विचारलं, "कोणतं गाणं म्हणत होते?"

आजीने गाऊन दाखवलं. रिएचं नाव वर्गात पुन्हा लागलं आणि तो धडा बाई निवृत्त होईपर्यंत दरवर्षी होत राहिला. दोन पोरांना दाराबाहेर उभं करून गायला लावायचं, एवढी भर मात्र त्यात पडली.