तपकिरी बूट

पोलीस तपासात लहान मुलांच्या सोबतीला बसणं हे माझं काम. प्रत्येक भेटीआधी मी वहीत यादी करते. कल्याणच्या त्या नऊ वर्षांच्या मुलीवर शेजाऱ्याने अत्याचार केला होता आणि तिचा जबाब घरीच घ्यायचा होता. यादीत लिहिलं होतं : पोलीस साध्या कपड्यांत, मुलीला ‘मावशी येणार’ एवढंच सांगणे.

आलेल्या बाई पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. दारात वाकून बूट काढत होत्या, गणवेशातले तपकिरी बूट.

"तुम्ही पोलीस आहात ना?" मुलीने विचारलं.

मी सावरायला तोंड उघडलं, पण बाई म्हणाल्या, "हो गं, पोलीसच. ड्रेस बदलला, बूट राहिले. उचलून बघ, किती जड आहेत."

मुलीने दोन्ही हातांनी एक बूट उचलला. मग ती बोलू लागली. ती थांबली की बाई पेनाला टोपण लावायच्या, सावकाश वाट बघायच्या. सगळं सांगून झालं.

जिन्यात मी म्हटलं, "सॉरी हं, मी तिला मावशी सांगितलेलं."

"त्या माणसालाही ती काकाच म्हणायची, मॅडम."

त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. यादीतली मावशीची ओळ मी तेव्हाच, जिन्यात उभ्या उभ्या खोडली होती.