तीन दगडांवरचा च्या

लढाईच्या दिवसांत गूळ मिळेनासा झाला, तरी निपाणीत एका अंगणात रोज संध्याकाळी च्या उकळायचाच. ते अंगण अंजनीचं. अंजनीचं माहेर अकोळ, बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण हाताला चव अशी की गाडीअड्ड्यावर तिच्या भाकरीची ख्याती होती. तिचा नवरा मष्णू गाडीवान. त्याचं गठुडं सुटलं की बाकीचे गाडीवान आपली भाकरी पुढं करून म्हणायचे, "मष्णू, बदलून दे की रं एक!" आणि हा पठ्ठ्या कुणाला चतकोर द्यायचा नाही. तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाली पोती, भरून तवंदीचा घाट चढायचा, बेळगावात माल टाकायचा आणि परत येईस्तोवर तीच भाकरी पुरवून पुरवून खायचा.

मग लाऱ्या आल्या. सकाळी निघून दुपारी बेळगावात पोचणाऱ्या लारीपुढं बैलगाडीला कोण कुत्रं विचारतंय? अड्डा ओस पडला. मष्णूनं काळजावर दगड ठेवून बैलजोडी विकली आणि घराच्या कट्ट्यावर येऊन बसला तो बसलाच. रडला नाही, भांडला नाही, नुसता गप्प. घर चालायचं तर कुणीतरी उठायला पाहिजे होतं. अंजनी उठली. पदर खोचला आणि वखारीत तंबाखू चाळायला जाऊ लागली.

वखारीचं काम काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. धूळ नाकात, डोळ्यांत, केसांत. आणि हात तर असे कडू होतात की राखेनं घासा, चिंचेनं घासा, कडूपणा काही निघत नाही. थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी मष्णूनं घास तोंडात घातला, थांबला आणि ताट सरकवलं.

"कडू लागतंय," म्हणाला. बस, एवढंच.

दिवसभर राबून आलेल्या बाईला हे बोलणं! अरे बाबा, तेवढा घास गिळला असतास तर काय मेला असतास? पण नाही.

अंजनीच्या ते जिवाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती पिठाची पाटी घेऊन शेजारच्या राजाबाईकडं जाऊ लागली. "आक्का, माझ्या हाताला कडवान हाय. तेवढ्या भाकऱ्या थापा," म्हणायची, बदल्यात तिचं सरपण फोडून द्यायची. कालवण काय, पळीनं ढवळता येतं. भाकरी मात्र फडक्यात धरून आणायची आणि बोट लागू न देता नवऱ्याच्या ताटात टाकायची. स्वतःच्या घरात शेजारणीच्या हातचं खायची पाळी आली मष्णूवर. त्याची मान खाली गेली ती खालीच. घरात 'हूं' आणि 'न्हाय' याच्यापलीकडं शब्द उरला नाही.

असेच दिवस चालले. उन्हाळ्यात वखारीचं काम भरात असतं. एका संध्याकाळी अंजनी आली ती खोकतच, आणि पायरीवरच बसली. डोकं धुळीनं पिवळं झालेलं. मष्णूनं बघितलं. घाट चढून असा बैल बसला की काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. तो उठला. घरातल्या चुलीपुढं पुरुष बसला तर गल्ली हसणार. म्हणून त्यानं परड्यातनं तीन दगड आणले आणि अंगणातच मांडले. उघड्यावरची चूल त्यानं जन्मभर पेटवलेली, तिची कसली लाज! पाण्यात गूळ टाकला, आलं ठेचून टाकलं, च्याची पूड टाकली.

"हे काय मांडलंय?" अंजनीनं विचारलं.

"मुक्काम."

"कुनाचा?"

"घाट चढून आल्यावर पैलं बैलास्नी पानी, मग मानसाला. रीत हाय."

"म्हंजे मी बैल व्हय?"

"बैल बोलत न्हवतं. तूबी बोलत न्हाईस."

अंजनीला हसू फुटलं आणि त्यातच ठसका लागला. मष्णूनं बशी पुढं केली, तसे तिनं हात मागं घेतले. "माझा हात लागला तर बशी कडू हुईल. तुमाला चालायचं न्हाय."

मष्णू पुढ्यात उकिडवा बसला आणि बशी तिच्या ओठाला लावली. उजेडात, सगळ्या गल्लीच्या देखत! मधल्या दगडी गडग्यावरून राजाबाई ओरडली, "अगं बया! भावजी, चूल मांडलीसा, आता लुगडंबी नेसा!"

"नेसतो की. तुमचं एकादं धड असंल तर द्या!"

त्या दिवसापासून रोजचा नेम झाला. अंजनी यायच्या वेळेला तीन दगडांवर च्या तयार. मष्णू वखारीतल्या मुकादमाच्या गोष्टी विचारायचा, ती घाटाच्या विचारायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हा माणूस तिच्या भाकरीतला शेवटचा चतकोर निपाणी दिसेस्तोवर राखून ठेवायचा. मग ती भाकरी सरकवली कशाला, असं तिच्या ओठावर यायचं. पण विचारणार कोण? पीठ राजाबाईकडं जातच होतं. तेवढा काटा आत राहिलाच.

पुढं मष्णूनं मन मारलं आणि लारीवर बोद चढवायचं काम धरलं. ज्या लारीनं पोटावर पाय दिला, तिलाच खांदा द्यायचा, सोपं नव्हतं हो! पहिल्या दिवशी त्याला घरी यायला उशीर झाला. अंजनी आली तर दगड थंड. राजाबाईला हाक मारता आली असती. पण अंजनी खाली बसली आणि आपल्या त्याच हातांनी च्या ठेवला. गूळ फोडला, आलं ठेचलं. आज बशीही सरकवली, तर या माणसापुढं पुन्हा बसायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

मष्णू आला. खांदे सोलून निघालेले. त्यानं घोट घेतला आणि थांबला, अगदी तस्साच.

"कडू हाय?" अंजनीनं विचारलं.

"व्हय," मष्णू म्हणाला. "लई कडू हाय. आनी वत."

तिनं ओतला. तोही त्यानं संपवला. मग खाली बघत म्हणाला, "अंजने, तवा भाकरी कडू हुती, न्हाय म्हनत न्हाय. पर तुझ्या कष्टाचं बसून खानं त्याच्यापरास कडू लागत हुतं. ते बोलाया जीभ रेटंना, म्हनून म्या भाकरीवर ढकललं. चुकलं गं माझं."

अंजनी रडली. पदरानं तोंड न झाकता, सगळ्यांसमोर रडली. मग उठून घरात गेली.

थोड्या वेळानं गडग्यावरून राजाबाईची हाक आली, "अंजने, तवा तापून लाल झाला की गं! पीठ कुठाय?"

आतनं भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"आजपासनं नगं, आक्का," अंजनी म्हणाली. "आमच्यात कडू खात्यात."