सामंतसरांची खुंटी

मोठा माणूस गेला की त्याची जागा कायमची रिकामी राहते, असं म्हणतात. सामंतसर रविवारी गेले. बुधवारी त्यांच्या जागेवर रंगीत प्रिंटर आला. शोकसभेत आमचे साहेब 'ही पोकळी कधीही भरून निघणार नाही' असं म्हणाले, तेव्हा तो प्रिंटर त्यांच्या मागेच पुठ्ठ्याच्या खोक्यात उभा होता. सरांना ते दृश्य आवडलं असतं. नवी वस्तू आली, जुनी गेली, आवाजसुद्धा झाला नाही, असं काहीतरी पुटपुटून ते परत कागदात डोकं घालून बसले असते.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटंसं ऑफिस आहे. लहान इस्पितळांसाठी रुग्णांच्या नोंदी ठेवणारे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. सर तिथले सर्वांत जुने. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, राहायला डोंबिवली पूर्वेला. त्यांच्या पदाचं नाव दर दोन वर्षांनी बदलायचं आणि दर वेळी आणखी लांब व्हायचं. काम मात्र एकच होतं, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचणं. कोणीही लिहिलेला कोड सरांनी वाचून सही केल्याशिवाय बाहेर जायचा नाही, हा ऑफिसचा नियम. कोडची प्रिंट काढायची, शेवटच्या पानावर तळाशी लिहिणाऱ्याचं नाव, त्याखाली तपासणाऱ्याची सही.

मी रुजू झाले त्या दिवशी माझी पहिली प्रिंट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. त्यांनी गठ्ठा उलटा केला आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागले. मला वाटलं, चुकून झालं.

"सर, पानं उलटी लागलीयत."

"पानं सुलटी आहेत. मी उलटा आहे," ते वर न बघता म्हणाले. "सुरुवातीपासून वाचलं ना, की तुझ्या म्हणण्याबरोबर वाहत जायला होतं. शेवटून वाचलं की तुला काय म्हणायचंय ते कळत नाही. काय लिहिलंयस तेवढंच दिसतं."

चूक सापडली की ते 'चूक' असं कधी लिहीत नसत. लाल पेनाने एक बारीक गोल करायचे आणि बाजूला लिहायचे, 'का?' त्या 'का?'चं उत्तर शोधता शोधता माझी पहिली दोन वर्षं गेली. एकदा वैतागून मी म्हटलं, "सर, प्रोग्रॅम चालतोय ना? एरर तर काहीच येत नाहीये." त्यावर ते म्हणाले, "मशीन बोंबलत असेल तर मी निवांत असतो. गप्प मशीनची मला भीती वाटते. माणसांचंही तसंच आहे, पण आपण मशीनपुरतं बोलू."

एका गणपतीला आम्ही चौघं त्यांच्या घरी गेलेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि दार उघडलं की दारामागे भिंतीत एक लाकडी खुंटी. अख्ख्या घरात तेवढी एकच. तिच्यावर छत्री, तिच्यावर बाजाराची पिशवी, तिच्यावर सरांचा सदरा, त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, शबनम पिशवी, देवळात न्यायची फुलांची परडी, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी किल्ल्यांचा जुडगा असल्याची सगळ्यांची नुसती श्रद्धा.

काकू करंज्यांचं ताट घेऊन आल्या. सर माझी ओढणी त्याच खुंटीवर अडकवत होते.

"आता माका टांगा थंय," काकू म्हणाल्या.

आठवड्यापूर्वीच मी सरांना विचारलं होतं, की कोडमधला साधा मॅप आणि मल्टीमॅप यांत नेमका फरक काय. ऑफिसात त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आता खुंटीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ. मॅप म्हणजे काय? खुंटीचं नाव सांगायचं, तिच्यावर असेल ते मिळतं. पण साध्या मॅपची खुंटी फार शिष्ट. एका वेळी एकच वस्तू घेते. छत्री आहे आणि तू पिशवी अडकवलीस, की छत्री नाहीशी. पडत नाही, आवाज होत नाही. कधी नव्हतीच."

"आणि मल्टीमॅप?"

"ही आमची खुंटी. अडकवशील तेवढं अडकव. एक नाव सांग, सगळं हातात येतं."

"सगळा येता, म्हणून तर हवा ता गावना नाय," काकू म्हणाल्या. "छत्री काढूची तर सगळो संसार उतरवचो लागता."

"मंगला, तू तपासनीस व्हायला हवी होतीस," सर म्हणाले. आम्ही सगळे हसलो. पुढे ऑफिसात कोणी साधा मॅप जिथे-तिथे वापरला, की सर फक्त एवढंच विचारायचे, "छत्री कुठाय?"

आता त्या सत्काराबद्दल लिहायला हवं. ते टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं.

एका इस्पितळाला रुग्णाबरोबर नातेवाइकांचे फोन नंबरही नोंदवायचे होते. ते काम माझ्याकडे आलं. रुग्णाचा नंबर ही खुंटी, नातेवाइकाचा फोन ही तिच्यावरची वस्तू. घाई होती. मी साधा मॅप वापरला. तपासायला एक खोटा रुग्ण केला, त्याला एक खोटा भाऊ दिला, भावाचा नंबर टाकला, नंबर दिसला. झालं. कल्पनेतल्या रुग्णांना गोतावळा नसतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

घाई कशाची, तर त्याच संध्याकाळी कंपनीचा वर्धापनदिन होता. बाळकुमच्या एका टॉवरमधला क्लबहाउसचा हॉल साहेबांनी घेतला होता. पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबून नव्या प्रोग्रॅमचं लोकार्पण, आणि त्याआधी सामंतसरांचा सत्कार. सरांना शाल, श्रीफळ, ज्योतीच्या आकाराचं काचेचं मानचिन्ह. निवेदिका म्हणाली, "ज्यांच्या नजरेतून एकही चूक सुटत नाही..." टाळ्या झाल्या. सर मंचावरून उतरले, तेव्हा मी खाली प्रिंट घेऊन उभी होते.

"सर, सही राहिलीये. पाहुणे बटणापाशी जातायत."

"किती पानं?"

"अकरा."

"अकरा पानं आत्ता?"

साहेबांनी मागून सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सामंत, अहो, आजच्या दिवस तरी वाचन राहू द्या."

सरांच्या डाव्या काखेत नारळ होता, अंगावर शाल होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सोपंच आहे सर. साधी यादी आहे." त्यांनी उजव्या हाताने सही केली. माझ्या माहितीत न वाचता केलेली त्यांची ती एकमेव सही. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर फुलं पडली.

सात-आठ महिन्यांनी काकू आजारी पडल्या. डोंबिवलीतल्या ज्या इस्पितळात त्यांना ठेवलं, तिथे आमचाच प्रोग्रॅम होता. दाखल करताना सरांनी आपला नंबर दिला. नंतर मुलगी नेहा बंगळुरूहून आली, आठवडाभर राहिली. आईजवळ रोज तीच बसायची, म्हणून काउंटरवरच्या मुलीने तिचाही नंबर घेतला. छत्रीवर पिशवी अडकवली. छत्री गेली.

काकूंना बरं वाटायला लागलं, म्हणून एका मंगळवारी नेहा दुपारच्या विमानाने परत निघाली आणि सर ऑफिसला आले. काकूंची तब्येत तीनच्या सुमारास अचानक बिघडली. इस्पितळाने पडद्यावरच्या नंबरला फोन केला. एकदा, दोनदा, सहा वेळा. तो नंबर विमानात बंद होता. सर माझ्यापासून दोन टेबलं पलीकडे बसले होते, मोबाइल त्यांच्या चष्म्याच्या घरापाशी होता. तो वाजला नाही. चार वाजता त्यांनी चहा घेतला. पाचला निघाले. घरी थांबून त्यांनी थर्मासमध्ये काकूंसाठी पेज घेतली आणि भेटीच्या वेळेला सातला पोचले. काकू साडेपाचला गेल्या होत्या. नर्सने सांगितलं, त्यांनी दोनदा विचारलं, "ते निघाले काय?"

वागळे इस्टेटहून डोंबिवलीला सव्वा तास लागतो. हा हिशोब मी नंतर इतक्या वेळा केला आहे, की तो मला आता पाढ्यासारखा येतो.

तेराव्यानंतर सर कामावर आले. टेबल पुसलं, चष्मा पुसला आणि मला हाक मारली. "अश्विनी, ती नातेवाइकांची यादी उघड गं. मल्टीमॅप करून टाकू."

आम्ही शेजारी बसून दीड तासात ते केलं. मध्येच ते म्हणाले, "काउंटरवरच्या मुलीने पडदा माझ्याकडे फिरवून दाखवला. म्हणाली, काका, बघा ना, एकच नंबर आहे. बिचारी खरं तेच सांगत होती." मी 'हो सर' म्हटलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं, की सर, ते मी लिहिलं होतं. मी स्वल्पविराम तपासत बसले. त्यांनीही 'हे कोणी लिहिलं' असं विचारलं नाही. त्यांना माहीत नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्या समजुतीवर तीन वर्षं काढली. रोज सकाळी 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचे आणि रोज वाटायचं, आज सांगू. मग कोणीतरी चहा आणायचं.

सर बदलले असं म्हणता येणार नाही. शेवटूनच वाचत राहिले, 'का?' लिहीत राहिले. फक्त 'छत्री कुठाय?' हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. एकदा त्यांच्या घरी कागद द्यायला गेले, तेव्हा खुंटी पूर्वीसारखीच भरलेली होती. काकूंच्या शबनममध्ये मंद उजेड दिसला. काकूंचा मोबाइल होता.

"चालू ठेवलाय," सर म्हणाले. "एक दिवसाआड चार्ज करतो. बंद नंबराला काही अर्थ नाही."

या वर्षी त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. एका शनिवारी शेजारच्यांनी त्यांना नेलं, त्याच इस्पितळात. रविवारी सकाळी सात वाजता मला फोन आला. "सामंतकाकांच्या यादीत तुमचा नंबर तिसरा आहे. पहिला कोणी उचलत नाहीये. दुसरा लागला, मॅडम बंगळुरूहून निघतायत. तुम्ही जवळ असाल तर या." मी कल्याणला राहते. अर्ध्या तासात पोचले.

नाकात नळी होती, पण सर शुद्धीवर होते. मला पाहून म्हणाले, "पेज आणलीस?"

"नाही सर. तशीच आले."

"बरं केलंस. मला नाही आवडत. मंगलाला आवडायची."

मी स्टुलावर बसले. आता चहा आणणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "सर, ती यादी... काकूंच्या वेळची. ती मी लिहिली होती."

"माहितीये."

"कधीपासून?"

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी फाइलमधली जुनी प्रिंट काढून वाचली. मी शेवटून वाचतो ना गं? नाव शेवटच्या पानावर असतं. ते सगळ्यात आधी वाचलं."

मला रडू आलं. त्यांनी सलाइन लावलेला हात जरासा हलवला.

"नावाच्या खाली काय असतं?"

"सही."

"कोणाची?"

मी ओढणीने डोळे पुसले.

"लिहिणारा चुकतो म्हणून तर वाचणारा ठेवतात," ते म्हणाले. "मी नारळ खाली ठेवायला हवा होता." मग डोळे मिटून घेतले. तसेच डोळे मिटून, "आणि तू तीन वर्षं आवाज केला नाहीस. गप्प मशीन," असं म्हणाले. हे त्यांनी रागाने म्हटलं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नेहा दोन वाजता पोचली. सर तीनला गेले. तिचा हात त्यांच्या हातात होता. यादी नीट चालली.

संध्याकाळी आम्ही घरी आलो, तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगं, सकाळी तुमच्या बंद घरात फोन वाजत होता. किती वेळ वाजला." नेहाने खुंटीवरून एकेक वस्तू उतरवली. सदरा, छत्री, पिशवी. सगळ्यांत खाली शबनम. तिच्यातल्या मोबाइलवर इस्पितळाचे चार मिस्ड कॉल होते. सरांनी दाखल होताना दिलेला पहिला नंबर काकूंचा होता.

तो त्यांच्या नोंदीत अजून पहिलाच आहे. त्या दिवशी दीड तासात आम्ही नंबर कितीही वाढवायची सोय केली; नको तो काढायची सोय राहून गेली. इस्पितळाची तशी तक्रार मंगळवारी आली आहे.