अध्यक्षांच्या वतीने

आमची वहिनी चौदा वर्षं उपाध्यक्ष होती. देशाची नव्हे हो, आमच्या धुलाई कारखान्यातल्या कामगार संघटनेची. पण हसू नका. दोनशे दहा माणसांचा कारखाना आहे. शहरातल्या झाडून सगळ्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे येतात, आणि एक दिवस त्या वेळेवर पोचल्या नाहीत तर काय हाहाकार उडतो ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा घरी बसून घड्याळं दुरुस्त करतो. कारखान्यात मी आधीपासून होते, त्यांच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिलाही मीच चिकटवलं. मी 'वहिनी' म्हणायचे म्हणून शेजारच्या रोलरवरच्या बायका म्हणायला लागल्या, मग गाडीवाले, आणि शेवटी मॅनेजरसुद्धा. माझी एकुलती एक वहिनी मी गावभर फुकट वाटून टाकली, असं दादा म्हणतो.

आम्ही दोघी चादरी वाळवून इस्त्री करणाऱ्या गरम रोलरवर असतो. ओली चादर समोर येते, तिचं उजवं टोक मी धरते, डावं वहिनी धरते. ताणायची आणि दोघींनी एकदम आत सोडायची. एकीने जरा घाई केली की चुणी पडते आणि चादर परत येते. वहिनीने कधी आधी सोडली नाही. माझ्या हाताकडे बघते आणि नेमक्या त्या क्षणी सोडते. "कधी तरी तू सोड की आधी, मी येते तुझ्या मागून," असं मी तिला शंभरदा सांगितलं असेल. ती नुसती हसायची. मला असा राग यायचा!

संघटनेतही तेच. आमचे अध्यक्ष म्हणजे भाषणराव. त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीच्या वहीत उरलंय. माणूस वाईट नाही, उगाच खोटं का बोला. बोलायला उभे राहिले की अंगावर काटा यायचा. पण बोलून झालं की ते दुसरीकडे बोलायला जायचे, आणि मागचं सगळं वहिनीच्या गळ्यात. जेवणाच्या सुट्टीत उपाहारगृहाच्या खिडकीपाशी ती बसायची. एका हाताने डबा खायची, दुसऱ्या हाताने मॅनेजमेंटला पत्रं लिहायची. नियम असा की पत्र अध्यक्षांच्या नावाने जायचं. अध्यक्ष जागेवर नसतील तर उपाध्यक्षाने खाली 'अध्यक्षांच्या वतीने' लिहून सही करायची. अध्यक्ष जागेवर कधीच नसायचे. चौदा वर्षांत ती ओळ तिने किती वेळा लिहिली असेल, देव जाणे.

त्या पत्रांनी पंखे आले. जाड हातमोजे आले. आमच्या रोलरला आडवा दांडा आला, म्हणजे कुणाचा हात चादरीबरोबर आत ओढला गेला तर दांड्याला धक्का लागून रोलर जागच्या जागी थांबतो. शेजारच्या दुसऱ्या रोलरला मात्र दरवर्षी लिहूनही दांडा अजून नव्हता. मागच्याच वर्षी तिथल्या एका मुलीची दोन बोटं भाजली. तिला वहिनीच इस्पितळात घेऊन गेली, आणि त्या दिवसापासून तर त्या दांड्याने तिच्या डोक्यात घर केलं.

मग भाषणराव निवृत्त व्हायला निघाले. त्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता वहिनी म्हणाली, "मी अध्यक्षपदाला उभी राहतेय."

दादाने डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही. "विचार करून बोल," तो म्हणाला. "मी पेपरात वाचलंय. मोठमोठ्या देशांत उपाध्यक्ष झालेले पुढे अध्यक्ष होतात, नाही असं नाही. पण त्यातल्या कितीतरी जणांचं नशीब वरचा माणूस दगावला म्हणून उघडलं. मतं मागून वर गेलेले थोडे. आणि तुमचे भाषणराव तर ठणठणीत आहेत."

"अरे, शुभ बोल जरा!" मी म्हटलं.

"नियमाप्रमाणे एकाच पदाचा अर्ज भरता येतो," वहिनी म्हणाली. "हरले तर उपाध्यक्षपदही गेलं. माहीत आहे मला. पण वाटाघाटीच्या टेबलावर अध्यक्ष एकटा जातो. दरवर्षी मी दांड्याचं लिहून देते आणि दरवर्षी भाषणराव ते सोडून सगळं बोलून येतात. यंदा मला स्वतः जायचंय."

निवडणुकीत तिच्याविरुद्ध उभा होता भोंगा. भोंगा म्हणजे माल पोचवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर. आवाज असा की त्याला हॉर्नची गरज नाही. तब्येतीने उमदा, सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकणारा, आणि गरम रोलर त्याने आयुष्यात फक्त दारातून पाहिलेला.

मला वाटलं होतं, वहिनी उभी आहे म्हटल्यावर लोक डोक्यावर घेऊन नाचतील. कसलं काय! धुण्याच्या यंत्रांवरचे बाप्ये म्हणाले, "वहिनी, तुम्ही आहात तिथेच बऱ्या. तुम्ही वर गेलात तर आमच्या रजेचे अर्ज कोण लिहिणार?" घड्या घालणाऱ्या बायका म्हणाल्या, "भोंग्याला बसू दे खुर्चीत. काम तर तुम्हीच करणार ना?" ज्यांच्यासाठी ती दुपारचा घास अर्धा टाकून उठायची, तीच ही माणसं. कौतुक करून करून तिला जागेवर खिळवून टाकलं होतं त्यांनी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी मात्र प्रत्येकाला एकच सांगायची, "उपाध्यक्षाचा अर्ज मी भरणार नाही. एवढं लक्षात ठेवा."

सोमवारी तिने अर्ज भरला. आणि बुधवारी आभाळ कोसळलं.

निवडणुकीचं काम हजेरीबाबूंकडे होतं. हजेरी घेऊन घेऊन म्हातारे झालेले, चष्म्याला दोरी, नियमाला पक्के. त्यांनी मला खूण करून बोलावलं आणि अर्ज पुढे केला. वरती वहिनीचं वळणदार अक्षर. पद, अध्यक्ष. खाली तिची बारीक सही. आणि सहीच्या वर, चौदा वर्षांच्या सवयीने, स्वच्छ लिहिलेलं, 'अध्यक्षांच्या वतीने'.

अगं बाई!

भोंग्याला कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याचं हसणं गाड्यांच्या फाटकापासून रोलरपर्यंत ऐकू आलं. त्याने तिथल्या तिथे हरकत घेतली, की ही सही उमेदवाराची नाहीच, अर्ज बाद करा. हजेरीबाबू म्हणाले, हरकतीचा निकाल उद्या चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर लागेल.

घरी वहिनी आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली होती. "हात आपोआप चालला गं," ती म्हणाली. "स्वतःसाठी म्हणून एक कागद भरायला घेतला, तर तोही दुसऱ्याच्या नावाने भरला. भोंग्याचं काय चुकलं?" तिचे डोळे भरून आले. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. दादा उठला, तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या पत्रांच्या प्रती कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत उपाहारगृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भोंगा बाकावर चढला. "मला वहिनींबद्दल आदर आहे," त्याने सुरुवात केली. "पण बघा, बाईंना स्वतःचा अर्जसुद्धा स्वतःच्या नावाने भरता येत नाही. दुसऱ्याच्या मागे उभं राहायची सवय लागलीय त्यांना. अशा माणसाने मागेच राहावं. त्यांचंही भलं, आपलंही भलं."

लोक हसले. हसणाऱ्यांत माझ्या ओळखीची तोंडं होती, मी एकेक लक्षात ठेवलं.

वहिनी उठली. तिच्या काखेत जाडजूड फाईल होती. ती बाकावर चढली नाही, टेबलाशी उभी राहिली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "सवयीने झाली. आता या फाईलमध्ये बघा. हे पंख्याचं पत्र. हे हातमोज्यांचं. हे आमच्या रोलरच्या दांड्याचं. सगळ्यांवर तीच ओळ आहे. भाषणराव, तुम्ही इथेच आहात. यातलं एक तरी पत्र तुम्ही मला लिहायला सांगितलं होतं का?"

भाषणराव उभे राहिले. त्यांना बोलायला काही सुचत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मग ते म्हणाले, "नाही. खरं सांगायचं तर बरीचशी मी वाचलीही नाहीत."

"मग ती कुणाच्या वतीने होती?"

मागून बोटं भाजलेली मुलगी म्हणाली, "आमच्या."

तेवढ्यात धुण्याच्या यंत्रावरचा एक दांडगा ओरडला, "ते सगळं खरं, पण त्या वर गेल्यावर आमची कामं कोण करणार?"

माझा संयम तिथे सुटला. "मी करीन!" मी ओरडले. "तुझे रजेचे अर्जही मीच लिहीन, आता तोंड मिट!"

हजेरीबाबूंनी चष्मा सावरला. उपाध्यक्षपदाला एकही अर्ज आला नव्हता, कारण प्रत्येक जण वहिनीलाच तिथे धरून बसलेला. त्यांनी शांतपणे एक कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. "बाई, म्हणालात ते इथे लिहा," ते म्हणाले. सगळं उपाहारगृह खदाखदा हसलं, आणि मी रागारागात तो भरला.

मग वहिनीने आपला अर्ज मागून घेतला. सगळ्यांसमोर त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी पुन्हा सही केली. हजेरीबाबू म्हणाले, "सर्वांसमोर दुरुस्ती झाली आहे, उमेदवाराची सही आहे. अर्ज मंजूर."

शनिवारी मतदान झालं. आमची पद्धत जुनी आहे. एक चादर आडवी बांधायची, तिच्यामागे कपड्यांच्या दोन पिशव्या टांगायच्या, एकीवर एकाचं नाव, दुसरीवर दुसऱ्याचं. प्रत्येकाने आत जाऊन आवडत्या पिशवीत चिंधी टाकून यायची. हजेरीबाबूंनी चिंध्या दोनदा मोजल्या. वहिनी एकशे अठ्ठावीस, भोंगा एकोणऐंशी. माझ्यासमोर कुणीच नव्हतं, मी उपाध्यक्ष बिनविरोध. भोंग्याने दिलदारपणे येऊन हात मिळवला, नाकारत नाही. "मी तेव्हाच म्हटलं होतं," असं दादा घरी म्हणाला. काय म्हटलं होतं, त्याची मी त्याला शब्दन् शब्द आठवण करून दिली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीपाशी बसून माझं पहिलं पत्र लिहिलं. दुसऱ्या रोलरला दांडा बसवण्याबाबत. वाटाघाटीला जाताना वहिनी ते बरोबर नेणार होती. दोन कागद फाडले, तिसरा जमला. खाली रीतीप्रमाणे ओळ लिहिली, सही केली आणि तिच्यापुढे धरला.

तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एक अक्षर बदललं नाही. मग माझ्याच हातातलं पेन घेऊन तिने 'अध्यक्षांच्या वतीने' खोडलं.

"अगं, नियम आहे तो!" मी म्हटलं.

"आज बदलून घेते. लिहिलंय कुणी?"

"मी."

"मग नाव तुझंच जाईल. माझ्यानंतर तुला असा अर्ज भरावा लागला, तर हात अडखळायला नको."

"मला कुठे व्हायचंय अध्यक्ष," मी म्हटलं. पण कागद ओढून घेतला आणि त्या खोडलेल्या ओळीखाली चांगली ठळक सही ठोकली. घंटा झाली, आम्ही रोलरवर गेलो. पहिली चादर आली, दोघींनी ताणली. वहिनीने आधी सोडली आणि मी तिच्या हाताबरोबर सोडली. चुणी पडली नाही.