जावेसमोर विचारलेला प्रश्न

लाँड्रीतल्या इस्त्रीवालीला सगळे मिरची म्हणत. तोंडच तसं होतं. घडी मोडली अशी तक्रार आली की ती विचारायची, शर्टाची की तुमच्या चेहऱ्याची. अशी बाई आतून खचली असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? डॉक्टरांच्या तर नाहीच.

डॉक्टर म्हणजे घरचे डॉक्टर. मिरचीच्या नवऱ्याचा लहानपणचा गोवर त्यांनी बघितला, सासूचा दमा त्यांनीच सांभाळला. तपासायच्या जागेला दार नव्हतं, एक हिरवा पडदा होता, आणि पडद्याच्या आत पेशंटबरोबर घरातलं एक माणूस हवंच, असा त्यांचा शिरस्ता. पेशंट एक असला तरी आजार घराचा असतो, हे ते छाती फुगवून सांगत. मिरचीबरोबर नेहमी मोठी जाऊ यायची.

मिरचीच्या हातावर भाजल्याचे डाग असत, जुन्यावर नवे, आणि अशा जागी की जिथे इस्त्री चुकून लागूच शकत नाही. डॉक्टर मलम लावत आणि म्हणत, "इस्त्री कपड्यांना करायची गं, स्वतःला नाही." जाऊ खिदळायची. मिरचीही हसायची आणि मनातल्या मनात दोघांना शिव्या घालायची.

एकदाच, जाऊ बाहेर फोनवर बोलत असताना, मिरचीने डॉक्टरांना सांगून टाकलं होतं की हे मी मुद्दाम करते. ती घरी पोचायच्या आत नवऱ्याला माहीत. डॉक्टरांनीच फोन केला होता, काळजीपोटी म्हणे. घरात फुकटची करमणूक झाली. भाजी खारट झाली तरी सासू म्हणायची, बोलू नका बाई, हात भाजून घेईल. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी जावेसमोर विचारलं, आता वेडंवाकडं काही मनात नाही ना? नाही, ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? डॉक्टरांचं समाधान झालं.

पण आता गोष्ट हातावर थांबेना. संपवून टाकावं हा विचार बाह्यांवर इस्त्री दाबताना, पोरीची वेणी घालताना डोक्यात ठाण मांडून बसू लागला. तिला त्याची भीती वाटली. भीतीचा राग आला, आणि त्या रागातच ती भर दुपारी दवाखान्यात शिरली. जावेने तिला वाटेतच हेरलं होतं. ती मागोमाग आलीच.

"हिला बाहेर काढा," मिरची म्हणाली.

डॉक्टर दुखावले. घरच्या माणसापासून काय लपवायचं, इथून त्यांनी सुरुवात केली. तिने आवाज चढवला तसा त्यांनीही चढवला. रिकाम्या डोक्याला नाटकं सुचतात, असंही बोलून झालं. "आणि एक सांगतो. ज्याला खरंच जीव द्यायचा असतो, तो बोलून दाखवत नाही."

"मग गप्प बसून दाखवू?"

ती डोळे रोखून बघत होती, आणि त्या डोळ्यांत नाटक शोधूनही डॉक्टरांना सापडेना. ते उठले. मागच्या औषधांच्या खोलीला दार होतं. इतकी वर्षं होतं. जाऊ आत घुसू लागली तेव्हा त्यांनी ते तिच्या तोंडावर लावून घेतलं.

खोक्यांमध्ये उभं राहून त्यांनी विचारलं, "मरावंसं वाटतं?"

"हो."

कधीपासून, काही ठरवलंयस का, आजवर कशाने थांबलीस. विचारताना त्यांचीच जीभ अडखळत होती. तिने उत्तरं दिली, तुटक, भांडल्यासारखी. भाजून घेणं मरण्यासाठी नव्हतं, दिवस ढकलण्यासाठी होतं. आता तेवढ्याने भागत नाही, म्हणून आले. हे तिला दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांनी नुसतीच मान हलवली.

आजच्या आज मनाच्या डॉक्टरांकडे जायचं, त्यांनी सांगितलं आणि तिथे फोन लावून वेळही घेतली. एकटीला सोडणार नव्हते. नवऱ्याला बोलावू का, विचारलं आणि तिचं तोंड बघून स्वतःच तो विचार सोडला. लाँड्रीच्या मालकिणीला बोलवा, ती म्हणाली.

मालकीण इस्त्र्या बंद करून रिक्षा घेऊन आली. मिरचीने आभार मानले नाहीत. "या वेळी घरी फोन गेला, तर याच पायरीवर बसेन आणि येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगेन."

रिक्षा हलताच जाऊ पडदा सारून आत आली. काय झालंय हो तिला?

नेहमीसारखं सगळं सांगून टाकणारं उत्तर डॉक्टरांच्या अगदी तोंडावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"पुढच्या पेशंटला पाठव," ते म्हणाले. "एकट्याला."