बळीरामाची ओळ

मेहकरात लग्न कुणाचंही असो, माईक श्रीमंतच्या हातात. कुणाचा मामा कुठला, कुणाच्या आजीचं माहेर कोणतं, सगळं त्याला तोंडपाठ. स्वतःच्या घराचं सांगताना मात्र तो आजोबांपाशी येऊन थांबायचा. बळीरामआजा बाहेरून आणलेला, एवढं लहानपणी कानावर पडलं होतं. कुठून, हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

विचारायची वेळ मुलीच्या लग्नात आली. शिवकन्येला कमठाण्याचा मुलगा पसंत होता, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. तेवढ्यात लांबच्या नात्यातली राजूबाईआत्या आली.

"कमठाण्याला पोरगी द्यायलास? तुझा आजा त्याच घरातनं दत्तक आलाय म्हणत्यात. मग ते पोरगं हिचा भाऊच की रे!"

श्रीमंतला दोन दिवस अन्न गोड लागेना. शेवटी त्यानं भीमण्णाला फोन केला. भीमण्णा हेळवी. घराघराच्या वंशावळी वहीत जपायच्या, चार-पाच वर्षांनी दारोदार जाऊन वाचायच्या, नवी नावं चढवायची, हे त्याचं पिढीजात काम. कमठाण्याचं घरही त्याच्याकडेच. त्याचा आजा नंदीवर बसून यायचा, हा मोटारसायकलवर. नंदीची घंटा तेवढी हँडलला बांधलेली.

ओसरीवर बसून त्यानं जुनी वही उघडली. "बळीराम. मानमोडीच्या साथीत वेशीबाहेर सापडला. वय दोन. घर ठाऊक न्हाई. ह्या घरच्या भागाबाईनं पोटाशी धरला." मग कमठाण्याची वही चाळली. "ह्या घरानं कुणाला पोरगं दिलेलं न्हाई."

"मग जमलं की!" आत्या म्हणाली.

"कशाचं जमलं, अक्का? उद्या कमठाण्याला जायलोय. सुपारीआधी पोराचा बाप हणमंतप्पा तुमची वही वाचायला लावणार. घर ठाऊक न्हाई म्हणल्यावर रगत कुणाचं म्हणून विचारणार." भीमण्णानं आवाज उतरवला. "अण्णा, तेवढी ओळ गाळू का? भागाबाईचा पोरगा बळीराम, एवढंच वाचतो. खोटं बी न्हाई."

श्रीमंत वहीकडे बघत राहिला. प्रेतं उचलायला माणूस मिळत नव्हतं, त्या दिवसांत एका बाईनं कुणाचं तरी लेकरू उचललं होतं. पुढं हेळवी दारात आला तेव्हा माझंच म्हणाली असती तर कोण विचारणार होतं? तरी तिनं सापडला असंच लिहायला लावलं. उद्या कुणी शोधत आलं तर त्याला सापडावं म्हणून असेल. शोधत कुणी आलं नाही. शंभर वर्षांनी आलो तो मीच, आणि तेही ती ओळ नसावी म्हणून.

"अप्पा," चौकटीतून शिवकन्या म्हणाली, "तिनं लिवलं ते आपण कामून पुसायचं?"

"आन् ते न्हाई म्हणले तर?" श्रीमंतनं विचारलं.

पदराचं टोक शिवकन्येनं बोटाला गुंडाळलं, सोडलं. "म्हणू द्या. पर त्यांना आधी तुमीच सांगा. वहीतनं कळाय नको."

श्रीमंतनं हणमंतप्पाला फोन लावला. माईकवर हजार माणसांपुढं न अडखळणारा आवाज आज घोगरा झाला. बळीराम, मानमोडी, वेस, भागाबाई, त्यानं एका दमात सांगून टाकलं. आत्यानं तोंडावर पदर धरला.

"श्रीमंतअण्णा," पलीकडून हणमंतप्पाचा आवाज आला, "जरा थांबा. घरच्यांना बोलावतो. पुन्हा सांगा, पहिल्यापासनं. सावकाश."

श्रीमंत उठून उभा राहिला, मंडपात उभा राहायचा तसा, आणि त्यानं आधी भागाबाईचं नाव घेतलं.